मुंबईचा पोटमाळा

मुलांनो,

तुमच्या घरी पोटमाळा आहे का? हल्लीच्या फ्लॅटमध्ये तो नसतो, पण मोरीच्या वर एखादी बुटकी, बंद जागा असतेच असते. दिवाळीच्या आधी बाबा स्टुलावर चढतात आणि वरून एकेक वस्तू खाली येऊ लागते. कान तुटलेला लाकडी घोडा. पणजीचा पितळी डबा. कुणाचा कोण हे आजीलाच ठाऊक अशा एका पागोटेवाल्या गृहस्थांची तसबीर. काही वस्तू मोडल्या म्हणून वर गेलेल्या असतात, काही दिवाणखान्यात नकोशा झाल्या म्हणून. पण टाकून द्यायला कुणाचा हात झालेला नसतो. आणि गंमत अशी, की दिवाणखान्यात तासभर बसून घराविषयी जेवढं कळत नाही, तेवढं त्या माळ्यावर पाच मिनिटं डोकावलं की कळतं!

शहरांनाही असा माळा असतो बरं का. मुंबईचा माळा भायखळ्याला आहे. तुम्ही तिथं बहुधा जाऊनही आला असाल, पण पेंग्विन आणि वाघ पाहून परतला असाल. तो माळा म्हणजे राणीची बाग.

यंदा आमच्या चौथीच्या वर्गाची सहल तिथं गेली होती. त्या सहलीत मुलांनी मला जे प्रश्न विचारले, ते या आठवड्यात तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न फाटकातच आला. पाटीवर लिहिलंय ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज असतात, त्यामुळे जिजाऊ म्हटल्यावर मुलांच्या माना ताठ झाल्या. एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे राणीची बाग यातली राणी जिजामाता का?”

नाही. ही राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. १८५७ चा उठाव झाला आणि १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून हिंदुस्थानचा कारभार काढून तो राणीच्या नावाने सुरू झाला. त्यानंतर मुंबईच्या बड्या नागरिकांनी राणीच्या नावाने एक बाग आणि एक संग्रहालय उभारायचं ठरवलं. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी बागेचं उद्घाटन झालं. तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ते झालं, आणि त्याच दिवशी संग्रहालयाचा पाया गव्हर्नरसाहेबांनी घातला. बागेचं नाव ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’. गिरणगावातल्या आपल्या माणसांनी त्या लांबलचक नावाचं ‘राणीचा बाग’ करून टाकलं. (हो, ‘राणीचा’. बाग हा शब्द मराठीत ‘तो’ही चालतो आणि ‘ती’ही चालते. आजोबा ‘राणीचा बाग’ म्हणाले तर त्यांना हसू नका, ते चुकत नाहीत.) स्वातंत्र्यानंतर पाटीवरचं नाव बदललं, तोंडातलं मात्र राहिलं.

हे लक्षात ठेवा. या बागेत नावांची अशीच ताटातूट आणखी दोनदा भेटणार आहे.

आत शिरल्यावर डाव्या-उजव्या बाजूला काय आहे हे न पाहता मुलं सुसाट सुटतात ती थेट प्राण्यांकडे. आमचीही सुटली. मी त्यांना थांबवलं आणि आधी संग्रहालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या एका हत्तीसमोर नेलं. हा हत्ती दगडाचा, अखंड काळ्या कातळातून कोरलेला. सोंड हलवत नाही, केळं खात नाही. त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पडले. “बाई, हा तर नुसता दगडाचा हत्ती!”

मी विचारलं, “घारापुरीला इंग्रजीत काय म्हणतात?”

“एलिफंटा!”

“का?”

कुणी म्हणालं, तिथं हत्ती असतील. कुणी म्हणालं, बेटाचा आकार हत्तीसारखा असेल. नाही मुलांनो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले, तेव्हा बेटावर उतरण्याच्या जागेजवळ त्यांना एक भलामोठा दगडी हत्ती उभा दिसला. त्यावरून त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. त्यांच्या नकाशांवरून ते नाव जगभर गेलं. आज देशोदेशींची माणसं बोटीत बसून ‘एलिफंटा’ला जातात, त्रिमूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि परत येतात. हत्ती तिथं नसतोच. तो हा, तुमच्यासमोर!

“म्हणजे नाव तिकडे आणि हत्ती इकडे?” एका मुलाने विचारलं. अगदी बरोबर.

तो इकडे कसा आला, ती गोष्ट जरा दुःखाची आहे. उन्हापावसात शतकं काढल्यावर हत्ती खचत चालला होता. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. मग १८६४ मध्ये इंग्रजांनी ठरवलं, की हा हत्ती उचलून इंग्लंडला न्यायचा. क्रेन आणली. पण त्या वजनापुढे क्रेनच मोडली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. आता फुटका हत्ती लंडनला कोण नेणार? ते तुकडे मुंबईच्या या नव्या बागेत आणून ठेवले. पुढची पन्नास वर्षं ते तसेच होते. १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळून पाहिलंत तर अंगावर सांधे दिसतील, गोधडीला असतात तसे.

आमच्यातल्या एका मुलाने त्या सांध्यांवरून बोट फिरवल्यासारखं हवेतच केलं (हात लावायचा नाही हे त्याला आधीच सांगितलं होतं) आणि म्हणाला, “बरं झालं क्रेन तुटली.” मला काय बोलावं कळेना. हत्ती फुटला हे काही बरं झालं नाही. पण तो धड राहिला असता, तर आज आपल्याला तो पाहायला साता समुद्रांपलीकडे जावं लागलं असतं, हेही खरंच.

आता संग्रहालयाच्या पायऱ्या चढू. हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. १८७२ च्या २ मे रोजी ते लोकांना खुलं झालं. पाया घातल्यापासून दहा वर्षं लागली! का? तर मध्येच पैसे संपले. त्या काळी अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशांचा नुसता पूर लोटला. जो तो कंपन्यांचे शेअर घेत सुटला. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि भलेभले श्रीमंत रातोरात कफल्लक झाले. ज्यांनी वर्गणी देऊ म्हटलं होतं, त्यांच्याच घरात चूल पेटायची पंचाईत. अखेर सरकारने पैसे घातले तेव्हा इमारत पुरी झाली.

पण या संग्रहालयाचा जीव त्याहूनही आधी एकदा वाचलेला आहे. पॅरिसला १८५५ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिकडे पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातल्या कारागिरीच्या आणि निसर्गातल्या वस्तू गोळा केल्या, तेव्हा त्यांची दुसरी जोडी मुंबईतच ठेवून घेतली. त्यातून फोर्टमध्ये सैनिकांच्या जुन्या बराकीत छोटंसं संग्रहालय सुरू झालं. दोनच वर्षांत १८५७ चा उठाव. बराकी सैनिकांना हव्या झाल्या आणि वस्तूंना बाहेरची वाट दाखवण्यात आली. पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. उरलंसुरलं डॉ. जॉर्ज बर्डवुड नावाच्या डॉक्टरने टाऊन हॉलमध्ये गोळा करून सांभाळलं आणि नव्या इमारतीसाठी खटपट सुरू केली.

त्याच्या जोडीला दोन आपली माणसं होती. एक नाना, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. दुसरे डॉ. भाऊ दाजी लाड. संग्रहालयाला आज ज्यांचं नाव आहे ते हेच.

भाऊ दाजींविषयी थोडं सांगायलाच हवं. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते आणि हे काही मला पटत नाही. गोव्याच्या पेडणे महालातलं मांद्रे हे त्यांचं गाव. पाळण्यातलं नाव रामकृष्ण. लहानपणी ते वडिलांबरोबर मुंबईला आले. बुद्धिबळात इतके तरबेज, की त्यांचा खेळ पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी “या मुलाला इंग्रजी शिकवा” असं त्यांच्या वडिलांना सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्यावहिल्या तुकडीत ते होते. साल १८५१. गरिबांना ते फुकट औषध देत. कुष्ठरोगावर औषध शोधण्यात त्यांनी वर्षं घालवली. मुली जन्मल्याबरोबर त्यांना मारून टाकण्याच्या दुष्ट चालीविरुद्ध तरुणपणीच निबंध लिहून त्यांनी सहाशे रुपयांचं बक्षीस मिळवलं होतं. मुलींच्या शाळांच्या पाठीशी ते उभे राहिले. आणि एवढं सगळं करून उरलेल्या वेळात काय केलं असेल? अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचले! रोग्याची नाडी पाहणारे हात दगडावरची हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची अक्षरं उतरवून घेत होते.

नानांच्या नशिबात मात्र संग्रहालय पाहणं नव्हतं. १८६५ मध्ये ते वारले. ज्यांनी मोठी देणगी दिली ते बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८६४ मध्येच गेले होते. बागेत त्यांच्या नावाचा घड्याळ-मनोरा आहे. संग्रहालयाच्या आत राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा जो संगमरवरी पुतळा दिसतो, तोही ससूननी दिलेला. त्याच्या चौथऱ्यावर हिब्रू लिपीतला मजकूर आहे, तो जरूर बघा. भायखळ्यात हिब्रू! मुंबई कुणाकुणाची होती, हे त्या एका दगडावर कळतं. भाऊ दाजींनी उद्घाटन पाहिलं, पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये त्यांचंही निधन झालं. शंभर वर्षं संग्रहालय ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने चाललं. १ नोव्हेंबर १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे.

आत शिरताच आधी वर बघा. उंच लोखंडी खांब, हिरवा-सोनेरी रंग, नक्षीचं छत. ही सगळी इमारत एकेकाळी पार कळाहीन झाली होती. २००३ मध्ये महापालिका, ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

आतल्या वस्तूंत राजेमहाराजांच्या तलवारी शोधत बसू नका. इथली खरी मौज आहे ती लहान लहान मातीच्या बाहुल्यांत. निरनिराळ्या जातीजमातींची माणसं, त्यांचे धंदे, त्यांची डोकी आणि डोक्यावरची पागोटी! आमच्या मुली त्या कपाटांपुढून हलेनात. होड्यांच्या प्रतिकृती आहेत, जुन्या मुंबईचे नकाशे आहेत. शे-दीडशे वर्षांपूर्वी रस्त्यावर उभं राहून पाहिलं असतं तर कोण कोण दिसलं असतं, याचा जणू हजेरीपटच. पण हा हजेरीपट साहेबांच्या राज्यात केलेला आहे, हेही पाहताना ध्यानात असू द्या. प्रत्येक माणसाला त्यांनी जात आणि धंद्याच्या खणात नीट बसवून टाकलंय. त्या बाहुल्यांपैकी कुणालाही कुणी नाव विचारलेलं नाही.

आता येते मूळ माळ्याची जागा. इथं येऊन आमच्या वर्गाचं चांगलं भांडण झालं, म्हणून ते सविस्तर सांगते.

संग्रहालयाच्या आणि बागेच्या आवारात काही पांढरे पुतळे आहेत. कुणी लॉर्ड, कुणी गव्हर्नर-जनरल. हे सारे एकेकाळी फोर्टमध्ये मोक्याच्या जागी थाटात उभे होते. लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि लॉर्ड वेलस्ली, टिपूशी लढाया झाल्या त्या काळातले हे गव्हर्नर-जनरल, आजच्या हॉर्निमन सर्कलला होते. १९६५ मध्ये हे पुतळे रस्त्यांवरून काढले आणि इथं आणून ठेवले. स्वतंत्र देशाच्या चौकात परक्या राज्यकर्त्यांनी कशाला उभं राहायचं, हा विचार त्यामागे होता आणि तो रास्तच होता.

खुद्द राणी व्हिक्टोरियाही इथंच आहे. हा संगमरवरी बैठा पुतळा बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला. पूर्वी तो आजच्या हुतात्मा चौकाजवळ, कोरीव छत्राखाली होता. १८९६ मध्ये एके रात्री कुणीतरी या पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात जुन्या पायताणांची माळ घातली. सगळी मुंबई हादरली. कुणी केलं ते पोलिसांना काही केल्या सापडेना. पुढच्या वर्षी, २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर हरी चापेकर पकडले गेले, तेव्हा त्यांनीच सांगितलं, की मुंबईचं ते डांबरही आमचंच!

चापेकरांचं नाव ऐकल्यावर मुलं त्या पुतळ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली. आणि मग तो प्रश्न आला.

“बाई, ही माणसं आपली नव्हती ना? मग त्यांना ठेवलंय कशाला? फोडून का नाही टाकत?”

लगेच दोन तट पडले. एकजण म्हणाला, फोडायलाच पाहिजेत. दुसरी म्हणाली, “मग चापेकरांनी कशाला डांबर लावलं ते कुणाला कसं दाखवणार? राणी पाहिजे ना त्यासाठी!” तिसरा व्यवहारी. तो म्हणाला, “एवढा चांगला दगड आहे. त्याचा दुसरा पुतळा करा.” एक शांत मुलगा इतका वेळ पाहत होता, तो म्हणाला, “बाई, ज्याने हे कोरलं त्याने काय वाईट केलं होतं?”

तुम्ही काय म्हणाल? मी मुलांना माझं मत सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. पटलं नाही तर सोडून द्या. चौकात पुतळा उभा करणं म्हणजे त्या माणसाला मान देणं. तो मान काढून घेतला, हे योग्यच झालं. पण वस्तू मोडून टाकली तर मान होता कधी, आणि काढला कधी, हेसुद्धा पुसलं जातं. चौथऱ्यावरून खाली उतरलेली राणी पाहिली की राज्य होतं आणि ते गेलं, या दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. पाठ्यपुस्तकात त्या दोन वेगवेगळ्या धड्यांत असतात.

आमचा ‘फोडा’वाला मात्र शेवटपर्यंत आपल्या मताला चिकटून होता. बसमध्येसुद्धा! मला ते आवडलं.

काळ्या घोड्यापाशी पोहोचेपर्यंत सगळे दमले होते, पण त्याला पाहून पुन्हा जोर आला. मुंबईत फोर्ट भागात काळा घोडा नावाची जागा आहे ना? तिचं नाव ज्याच्यावरून पडलं, तो हा घोडा. त्याच्यावर राजा सातवा एडवर्ड बसला आहे. १८७५-७६ मध्ये तो युवराज असताना हिंदुस्थानात आला होता. त्याची आठवण म्हणून डेव्हिड ससून यांचे चिरंजीव सर अल्बर्ट ससून यांनी हा ब्राँझचा पुतळा शहराला दिला. तो १८७९ मध्ये बसवला गेला. पण पाहा मुंबईकरांची तऱ्हा! वर साक्षात भावी राजा बसलेला, आणि लोकांनी नाव ठेवलं कुणाचं? खालच्या घोड्याचं! राजाची कुणी दखलच घेतली नाही.

१९६५ मध्ये घोडाही स्वारासकट बागेत आला. पुढची बावन्न वर्षं काळा घोडा चौकात घोडाच नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बरोबर तिथंच नेई. २०१७ मध्ये तिथं नवा काळा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर मात्र कुणीच नाही. तुम्ही दोन्ही घोडे पाहा आणि मला कळवा, कुठला जास्त आवडला.

हत्तीसारखंच झालं की नाही? नाव तिकडे, घोडा इकडे!

या सगळ्यात झाडांना विसरू नका. बागेचा पसारा पन्नास एकरांहून अधिक आहे, आणि शिवडीला पूर्वी जी बाग होती तिच्या जागी पुढे दफनभूमी झाली, त्यामुळे भायखळ्याचं हे रान जपणं फार मोलाचं. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच इथं आहे. खोड असं, की तीन-चार मुलांनी हात धरून कवेत घ्यावं. दुष्काळात उपयोगी पडावं म्हणून ती खोडात पाणी साठवते. तिची फुलं रात्री उमलतात आणि परागांची ने-आण वटवाघळं करतात. कैलासपती तर पाहाच. त्याला फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट बुंध्यावर येतात, आणि फुलाच्या आत शिवलिंगावर नागाचा फणा असावा तसा आकार. आपल्याला वाटतं हे झाड कैलासावरूनच आलं असेल. प्रत्यक्षात ते दक्षिण अमेरिकेतलं! ब्रह्मदेशातून आलेली उर्वशीही इथं आहे. फुललेली सापडली तर नशीब समजा. झाडांनाही पुतळ्यांसारखंच आहे, कुठून कुठून येऊन इथं रुजली.

काही वर्षांपूर्वी, २००७ च्या सुमारास, बागेचा कायापालट करून परदेशी धर्तीचं मोठं प्राणिसंग्रहालय करण्याचा बेत पुढे आला, तेव्हा या झाडांचं काय होणार म्हणून काही नागरिक, त्यातही बऱ्याचशा बायका, कागदपत्रं गोळा करून उभ्या राहिल्या. झाडांची मोजदाद केली, पत्रं लिहिली, पुस्तकही काढलं. झाडं बोलू शकत नाहीत, पण त्यांची यादी करता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

प्राण्यांविषयी मी फार लिहीत नाही. तिथं तुम्ही मी न सांगताच जाल. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून हंबोल्ट पेंग्विन आणले, तेव्हापासून त्यांच्या काचेपुढची गर्दी काही हटत नाही. फक्त काचेवर टकटक करू नका. तुमच्या खिडकीवर दिवसभर कुणी टकटक केली तर?

आता आई-बाबांशी दोन शब्द. एका दिवसात सगळं दाखवायचा अट्टाहास धरू नका. सकाळी लवकर या, ऊन चढण्याआधी हत्ती, पुतळे, झाडं बघा, आणि उन्हाच्या वेळी संग्रहालयात शिरा. आत पाट्या वाचायला वेळ द्या. मूल एकाच बाहुलीपुढे दहा मिनिटं उभं राहिलं तर “चल लवकर” म्हणून ओढू नका. परतल्यावर निबंध तर मुळीच लिहून घेऊ नका! त्यापेक्षा रात्री आपला माळा उघडा, आणि त्या पागोटेवाल्या तसबिरीतले गृहस्थ कोण ते आजीला विचारा. ती आहे तोवरच विचारता येईल.

मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनावर पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याजोगी आहे. बागेचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं असतं. डबा न्या, पण उरलेलं प्राण्यांना घालू नका. वही-पेन्सिल न्या. हिब्रू अक्षरांपैकी एक तरी वहीत उतरवून आणा, हत्तीचे सांधे किती दिसले ते मोजा, आणि ‘फोडा’ की ‘ठेवा’ ते मला पत्राने कळवा. दोन्ही बाजूंची चांगली पत्रं याच पानावर छापू.

आणि हो, बुधवारी जाऊ नका. बाग बंद असते.